पाणमांजरांचा वाटा

तिवरखारचा बांध पाझरतोय हे सगळ्यांत आधी धर्माच्या पायाला कळलं. श्रावणातली दुपार होती. खाडीला भरती चढली होती आणि धर्मा उघाडीच्या फळ्या घट्ट बसल्यात का ते बघून बांधाच्या आतल्या अंगाने घरी निघाला होता. भाताच्या खाचरात साचलेलं पाणी कोमट असतं. एका जागी त्याच्या घोट्याला गार लागलं. तो थांबला, वाकला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकला. पाणी खारं होतं.

आमचं गाव अलिबागच्या उत्तरेला, खारेपाटात. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भात, आणि मध्ये माणूसभर उंचीचा चिखलाचा बांध. दगड औषधालाही मिळायचा नाही. बांधात एकच दार, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला तिच्या फळ्या काढून खाचरातलं जादा पाणी खाडीत सोडायचं, भरती यायच्या आत त्या परत बसवायच्या. एवढंच काम, पण एक भरती चुकली तर सबंध गावाच्या ताटातलं जातं. आणि एकदा खारं पाणी आत शिरलं की तीन पावसाळे जमीन काही पिकू देत नाही. उघाडीची राखण धर्माच्या घरात तीन पिढ्या होती. त्याबदली उघाडीच्या तोंडाशी जाळं लावायचा हक्क त्यांचा.

त्या हक्कात आणखी कुणाचा तरी वाटा होता. उघाडीपाशी एक सपाट दगड आहे, धर्माच्या आजाने कुठूनसा होडीतून आणलेला. जाळ्यात आलेली पहिली मूठभर मासळी त्या दगडावर ठेवायची, ती पाणमांजरांची. आज सांगून कुणाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा आमच्या खाडीत पाणमांजरांचं अख्खं कुटुंब होतं. सात-आठ जणांचा घोळका. तुकतुकीत तपकिरी अंग, चपटी शेपूट, म्हाताऱ्या माणसासारख्या मिशा. शीळ घातल्यासारखी एकमेकांना हाका मारत ती सकाळी यायची, दगडावरची मासळी खायची, आणि पोट भरलं नाही की जाळं फाडून आतली काढायची. जाळं फाटलं की धर्मा त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्याचा बाप येसाजी दारात बसून फाटलेलं जाळं विणायचा आणि म्हणायचा, "वाटा कमी पडला आसंल रे."

तर त्या दिवशी ओहोटी लागेपर्यंत धर्मा तिथेच बसून राहिला. मग बांधापलीकडे, तिवरांच्या मुळांत उतरला आणि बांधाची कड हाताने चाचपत गेला. एक भोक सापडलं. त्यात हात खांद्यापर्यंत आत गेला. तोंडाशी चिखल दोन्ही बाजूंना उकरून टाकलेला होता आणि त्यावर पावलांचे ठसे होते, बोटांमध्ये पडदा असलेल्या पावलांचे. दुसरं पाऊल कुणाचं असणार?

संध्याकाळी मारुतीपुढे गाव जमलं. बांधाचं काम घरटी एकाने करायचं, त्याला आमच्याकडे जोळ म्हणतात. त्या जोळाची बैठक. सदू पाटील पायरीवर बसला होता.

"बांद पोकल झायलाय," तो म्हणाला. "कोनी केला त्ये धर्मानं डोल्यांनी बगलंय. पानमांजरां. आता काय करावाचं बोला."

"मारावाची," हिरामण म्हणाला. त्याचं शेत बांधाला लागूनच, पहिलं पाणी त्याच्याच भाताला लागणार. "बिलं पाडून पिल्लं घालनार, न् आमी उपाशी मरावाचं व्हय?"

तेवढ्यात येसाजी काठी टेकत आला. त्याच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरला होता, माणसं त्याला आवाजानेच कळायची. डाव्या हातात त्याने भेंडीच्या पानाची पुडी धरली होती. ती त्याने पाटलापुढे उघडली.

"काय हाय काका?"

"पानमांजराची लेंडी हाय."

पोरंटोरंच काय, म्हातारीकोतारीही फिदीफिदी हसायला लागली. येसाजी थांबला नाही. त्याने ती लेंडी अंगठ्याने तळहातावर कुस्करली, आत खेकड्याच्या कवचांचा चुरा होता. "बगा. हात लावून बगा कोनी. कवचां हायत, नांग्या हायत. समदी चिंबोरी हाय. बांदात बिल चिंबोरी पाडते. मांजर तिला काढाला हात घालतंय, म्हनून तोंड रुंद दिसतंय. चोराच्या मागं धावनाऱ्यालाच तुमी चोर म्हनताव."

"काका, चिंबोरी केवढी न् बांद केवढा?" पाटील समजुतीने म्हणाला.

"आता हागवनीवरनं गावाचा न्याव करावाचा का काय?" हिरामणने म्हटलं, आणि हसण्याचा असा काही लोट आला की देवळातली घुबडंसुद्धा उडाली असतील. मीही हसलो. खोटं कशाला सांगू? सगळे हसत असताना गप्प बसायला जे लागतं ते माझ्यापाशी तेव्हा नव्हतं.

धर्मा मात्र हसला नाही. तो उठला, बापाच्या हातातलं पान ओढून कुंपणापलीकडे फेकलं, देवळातली कळशी आणली आणि सगळ्यांदेखत बापाचा हात खसाखसा चोळून धुतला, लहान पोराचा धुवावा तसा. "बा, घरा चल," एवढंच म्हणाला. येसाजीने हात सोडवून घेतला नाही. ओला हात तसाच पुढे धरून तो मुलाबरोबर चालत गेला. मला वाटतं, पाणमांजरांचं मरण त्या कळशीभर पाण्यात ठरलं. पाटलाच्या बैठकीत नुसतं बोलणं झालं होतं.

भोक बुजवलं. पावसाळा गेला, कापणी झाली. मार्गशीर्षात चांगदेव आला.

चांगदेव हा अलिबागचा गाडीवान. मुंबईच्या कुणा कातडीच्या व्यापाऱ्यासाठी तो खाडीकाठची गावं हिंडायचा. माणूस गोड बोलणारा, पान खिलवणारा, कुणाच्या घरी रिकाम्या हाताने न जाणारा. त्याला दोन शिव्या घालाव्यात असं मला फार वाटतं, पण शिवी चिकटेल असं त्याच्यात काही नव्हतं.

"इलायतेच्या मडमा गल्यान घालतात," त्याने धर्माच्या ओटीवर बसून सांगितलं. "पानमांजराच्या केसाला पानी लागत नाय ना. तुमचा गाव नायतरी मारनारच हाय. मारून कुजवनार, त्यापरीस मना दे. मी तुना कौलं देतू. आठ कातड्यांन अख्खा घर शाकारून निघंल."

धर्माची बायको राही आत चुलीपाशी होती. तिने फुंकणी खाली ठेवली. त्यांचं घर पेंढ्याचं. दर पावसात नेमकं चुलीवर गळायचं. राही एका हाताने भाकरी थापायची आणि दुसऱ्या हाताने चुलीवर सूप धरायची. असे बारा पावसाळे तिने काढले होते. ती दाराआडून नवऱ्याला म्हणाली, "आवो, आयकलंत का? कौलं म्हनतायत."

"आयकलं गो," धर्मा म्हणाला.

चांगदेवने पाच लोखंडी सापळे दिले. आता पाणमांजर धरणं सोपं नाही. ते कुठून येईल, कुठे वर चढेल याचा नेम नसतो. कोकणातल्या दुसऱ्या कुठल्याही खाडीत चांगदेवला एकेका कातड्यासाठी महिना महिना थांबावं लागायचं. पण तिवरखारला ती रोज सकाळी एकाच दगडावर येत होती, तीन पिढ्यांपासून, आणि त्यांना तिथे कधी काही झालं नव्हतं. धर्माने सापळा त्या दगडावर मांडला, वर गाळ सारवला, आणि आजाच्या रिवाजाप्रमाणे मूठभर मासळी ठेवली.

पहिलं सकाळी उन्हं येता येता सापडलं. मी बांधावरून जात होतो, ओरडणं ऐकून गेलो. पुढचा पाय सापळ्याच्या चापात चिरडला होता आणि ते स्वतःच्याच पायाला कडाकडा चावत होतं. बाकीची पळाली नाहीत. पाण्यात डोकी वर काढून भोवती फिरत होती, शिळा घालत होती, एक तर दगडावर चढून सापळ्याची साखळी हुंगून गेलं. धर्मा उघाडीची लाकडी मेख घेऊन उभा होता. त्याने दोनदा मारलं. दुसऱ्या फटक्याला जनावर सैल पडलं आणि त्याच्या तोंडातून पाणी आलं. धर्माने इकडेतिकडे बघितलं, माझ्याकडे बघून उगीच हसला आणि म्हणाला, "लय चिवट हाय भेंडी."

मला वाटलं, आता ती या दगडाकडे फिरकायची नाहीत. दुसऱ्या दिवशी ती परत आली.

आठ दिवसांत पाच झाली. कातडी काढायला चांगदेवने शिकवलं. मग ते काम राहीवर आलं. मागच्या पायांपासून चीर द्यायची, पिशवी उलटावी तसं कातडं ओढत डोक्याकडे आणायचं, मीठ आणि राख चोळून बांबूच्या कामट्यांवर ताणायचं. अंगणात कामट्यांवर कातडी वाळत उभी असायची आणि कावळ्यांना हाकलता हाकलता राहीचा जीव जायचा. पाचवी ओली बाळंतीण होती. राहीने पोटाला सुरी लावली आणि तिच्या बोटांवर दूध आलं. तिने बोटांकडे बघितलं, सुरी मातीत खोचली आणि हात धुवायला गेली. किती वेळ ती हातच धूत होती.

"आता पुरं करा," तिने संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

"पाच झायली. अजून तीन हवीत. नायतर अर्धा घर कौलांचा न् अर्धा पेंढ्याचा ठेवतेस?"

कौलं राहीलाही हवी होती, आणि ती त्याला नको म्हणू शकत नव्हती. पुढची तीन धर्माने स्वतः सोलली. आठवं तर पिल्लू होतं, कसंबसं हातभर. चांगदेवने ते कातडं बाजूला टाकलं, मग धर्माचं तोंड बघून उचललं. पौषानंतर दगडावर ठेवलेली मासळी कावळे न्यायला लागले.

चैत्रात कौलांनी भरलेला मचवा धरमतरकडून आला. आम्ही सगळे उतरवायला गेलो. लालभडक कौलं, एकमेकींवर ठेवताना भांड्यांसारखी वाजणारी. घर शाकारून झालं तेव्हा राही अंगणात उभी राहून वर बघत राहिली आणि तिला रडू आलं. त्या रडण्यात मला काही वावगं दिसलं नाही, अजूनही दिसत नाही. बारा वर्षं सूप धरलेल्या बाईला जे वाटेल ते तिला वाटलं.

त्या घरात येसाजी एक रात्रही निजला नाही. त्याने आपलं अंथरूण आणि काठी घेतली आणि उघाडीपाशी जाळी ठेवायची झोपडी होती तिथे मुक्काम हलवला. भांडण नाही, शब्द नाही. धर्मा न्यायला गेला तर म्हणाला, "मना हितं पानी आयकू येतं." रोज सकाळी चाचपत चाचपत तो जाळ्यातली मूठभर मासळी काढायचा आणि दगडावर ठेवायचा. धर्माने एकदा सांगून बघितलं, "बा, कोन येनार नाय आता." त्यावर म्हातारा म्हणाला, "वाटा ठेवावाचा आपला काम. येवाचं का नाय त्ये त्यांनी ठरवावाचं."

आता तुम्हाला वाटेल की लगेच देवाने शिक्षा दिली. तसं काही झालं नाही. त्या पावसाळ्यात बांध एकदाही पाझरला नाही. जाळं फाटलं नाही, मासळी भरभरून मिळाली. नारळी पौर्णिमेला सदू पाटलाने सगळ्या गावापुढे धर्माच्या हातात नारळ दिला. हागवनीचं बोलणं लोक विसरले. धर्मा बांधावरून ताठ चालायला लागला. बापाचा हात धुताना खाली गेलेली त्याची मान वर्षभराने वर आली होती.

पुढच्या साली चिंबोऱ्या वाढल्या. आम्ही खूश. राही टोपल्या भरून अलिबागच्या बाजारात न्यायची, आमच्या बायका तिच्या मागून. घरोघरी कालवण. काय बरकत आलीय, असं आम्हीच एकमेकांना म्हणायचो आणि नांग्या फोडून चोखायचो. मोठ्या तेवढ्या आम्ही धरायचो. लहान, नखाएवढ्या, बांधाच्या कडेला चिखलात सुरसुर पळायच्या त्यांना कोण धरतो?

तिसऱ्या साली, वैशाखात, येसाजी बांधाच्या बाहेरच्या अंगाला उतरला. त्याला दिसत नव्हतं. तो हाताने मोजत गेला. एका बिळात मूठ घालायची, मग पुढच्यात. संध्याकाळी चिखलाने माखून तो उघाडीवर बसलेल्या धर्मापाशी आला.

"उघाडीपासून हिरामणच्या शेतापतोर मोजली," तो म्हणाला. "हाताची बोटं, पायाची बोटं, सात वेला झायली. मग सोडून दिलं. बांद चाळनी झायलाय धर्मा. गावाला सांग. जोळ बोलाव."

"मी बुजवतू."

"तू येकला?"

"मी बुजवतू सांगितलं ना बा."

गावाला सांगायचं म्हणजे काय सांगायचं, हा धर्माचा खरा पेच होता. भोकं कुणी पाडली, असं कुणीतरी विचारणारच. पाणमांजरं तर उरली नाहीत. मग ज्या नारळाने त्याची मान वर आली होती तो नारळ परत करावा लागणार. ज्या बापाचा हात त्याने चारचौघांत धुतला त्याच्यापुढे त्याच चारचौघांत उभं राहावं लागणार. त्याने गावाला सांगितलं नाही. रोज ओहोटीला तो एकटा चिखलाचे गोळे करून बिळं बुजवायचा. राही गोळे वळून द्यायची. आज दहा बुजवली की उद्या शेजारी बारा. आषाढात त्याच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होऊन मांस दिसायला लागलं, तरी तो उतरत होता. बांधावरून चालताना आमच्याही पायाखाली जमीन दबत होती. आम्ही म्हणालो, यंदा पाऊस फार झाला.

भाद्रपदातली पौर्णिमा. भात पोटरीत आलेलं. पौर्णिमेला आमच्याकडे उधाण ऐन दुपारी बाराच्या सुमाराला चढतं, आणि त्या दिवशी नैर्ऋत्येचा वारा खाडीचं पाणी आत ढकलत होता. मी शेतात होतो. उघाडीकडून येसाजीची आरोळी ऐकू आली, "खांड! खांड पडली रे!" तो आंधळा माणूस आमच्याआधी ओरडला, कारण पाण्याचा आवाज बदललेला त्याने ऐकला होता. आम्ही पोचलो तेव्हा बांधाला हिरामणच्या शेतापाशी दारापुरतं भगदाड पडलं होतं आणि खाडी आत कोसळत होती.

खांड बुजवायची एकच रीत आहे. पुरुषांनी भगदाडात खांद्याला खांदा लावून, पाण्याला पाठ देऊन उभं राहायचं आणि त्यांच्या पुढ्यात बायकांनी चिखल, पेंढा, तिवराच्या फांद्या रचायच्या. आम्ही अकरा जण उभे राहिलो. मधोमध धर्मा, त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हिरामण. पाठीवर पाणी असं आदळत होतं की श्वास सुटायचा. पायाखालचा चिखल आतून वितळत होता. मला जाणवत होतं, माझ्या टाचांखाली भोकं होती, एकात दुसरं, आणि त्यांतून पाणी भळाभळा चाललं होतं. चिखल टाकला की विरघळायचा. पेंढा टाकला की तरंगून जायचा.

"वजन हवं!" पाटील वरून ओरडला. "दगड तरी कुठून आनावाचं?"

धर्मा ओरडला, "राही! कौलं उतरव! माजे घरावरची कौलं आना समदी!"

राही एक क्षण उभी राहिली. मग तिने पदर खोचला आणि ती पळत सुटली, तिच्या मागे पंचवीस-तीस बायका. शिडी लागली, घर उघडं झालं. टोपल्यांत कौलं भरून त्या आणत होत्या आणि पेंढ्यात बांधून आमच्यापुढे टाकत होत्या. राहीची टोपली आली तेव्हा मी तिचं तोंड बघितलं. तिने ती टोपली इतरांसारखी फेकली नाही, वाकून ठेवली. पहिल्या काही टोपल्या थांबल्या. मला वाटलं, थांबतंय. मग हिरामणच्या पलीकडे बांधाचा आणखी एक तुकडा खाली बसला, आपोआप, काही न लागता. आणि आम्ही, कौलं, पेंढा, सगळेच हिरामणच्या भातात जाऊन पडलो.

दुपारी ओहोटी लागली. आम्ही बांधावर बसून बघत होतो. पोटरीतलं भात खाऱ्या पाण्यात गळ्यापर्यंत उभं होतं आणि वरून अगदी हिरवंगार दिसत होतं. पिवळं पडायला त्याला चार दिवस लागणार होते. हिरामण उताणा पडून आभाळाकडे बघत होता.

त्या संध्याकाळी मारुतीपुढे बैठक झाली नाही. बसायला कुणात त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी झाली. पाटील बोलायच्या आधीच धर्मा उभा राहिला. त्याच्या हातात दोन वर्षांपूर्वीचा तो नारळ होता, वाळून खुळखुळा झालेला. तो त्याने पायरीवर ठेवला.

"बिलं चिंबोरीची व्हती," तो म्हणाला. "बा बोलला व्हता. मना वैशाखातच कललं व्हतं. मी जोळ बोलावला नाय, मना लाज वाटली. उघाडी माज्याकडनं काढून घ्या. कोनाला पन द्या. मना बिलं द्या."

"बिलं देव म्हंजे?" पाटलाने विचारलं.

"चिंबोरी काढीन. रोज ओहोटीला. मांजरां काढायची तशी, हात घालून. येकट्याला जमनार नाय, घरटी येक मानूस हवा. पन मी रोजचा."

हिरामण त्याच्या अंगावर धावून जाईल असं मला वाटलं होतं. तो बसूनच राहिला. "मीच हसवलं व्हतं रे समद्यांना," तो एवढंच म्हणाला. येसाजी देवळाच्या खांबाला टेकून बसला होता. सगळे त्याच्याकडे बघत होते, पण त्याला ते दिसत नव्हतं.

उघाडी हिरामणकडे गेली; येसाजीला मात्र त्याने झोपडीत राहू दिलं आणि दगडावरचा वाटाही चालू ठेवला. नवा बांध आम्ही दिवाळीपर्यंत घातला आणि चिंबोरीचा जोळ सुरू झाला. तो करून बघितल्याशिवाय कळत नाही. चिखलात कुशीवर आडवं व्हायचं, गाल चिखलाला टेकेपर्यंत हात आत सारायचा, आणि जे हाताला लागेल ते ओढायचं. बहुतेक वेळा आधी तीच तुम्हाला धरते. मोठ्या मिळतात, लहान बोटांमधून निसटतात. साठ घरांची साठ माणसं, आळीपाळीने, थंडीत आणि उन्हात. आमची नखं कुजली. माझ्या करंगळीचं पेर गेलं. आणि सगळं करून जेमतेम बांध राखला जातो एवढंच. हेच काम आठ जनावरं कुणी न सांगता करत होती, मूठभर मासळीवर. त्यांचं आम्हाला काय जड झालं होतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर म्हणून फक्त एक फाटलेलं जाळं आठवतं.

माघात चांगदेव परत आला. धर्मा चिखलात आडवा होता. मी शेजारच्या बिळापाशी होतो. चांगदेव बांधावर उकिडवा बसला, पानाचा डबा काढला.

"यंदा माल नाय काय रे? रेवदंड्याच्या खाडीन पन मिलत नाय, चौलला नाय. मडमांनी लय मागनी केलीय. ह्या टायमाला कौलं दुप्पट देतू."

धर्माने हात बाहेर काढला. पंजाभर चिरा होत्या, मधलं बोट सुजून वाकडं झालं होतं. तो हात त्याने चांगदेवपुढे धरला.

"मांजरां संपली चांगदेव. त्यांचा काम आता मी करतंय. न्येवाचा आसंल तर माजा कातडा न्ये."

चांगदेव हसायला गेला आणि मध्येच थांबला. मग डबा बंद करून तो निघून गेला. धर्माने पुढच्या बिळात हात घातला.

दुपारी राही भाकरी घेऊन आली. त्यांच्या घरावर परत पेंढा होता. कोरडी जागा कुठे नव्हती, म्हणून धर्मा उघाडीच्या त्या सपाट दगडावर जाऊन बसला. येसाजीने सकाळी ठेवलेली मासळी तिथेच वाळली होती. ती त्याने हळूच एका कडेला सारली. पाय पाण्यात सोडून तो भाजलेल्या चिंबोरीची नांगी दाताने फोडून खाऊ लागला.

झोपडीच्या दारात येसाजी जाळं विणत होता. त्याचे हात थांबले. दगडावर कवच फुटल्याचा आवाज त्याने ऐकला, पाण्यात काहीतरी हललेलं ऐकलं. तो काठीशिवायच उठला, खांबाला धरून पुढे झुकला. त्याचा चेहरा इतका उजळलेला मी कधी बघितला नव्हता.

"आली का रे?" त्याने विचारलं.

धर्माच्या तोंडात घास तसाच राहिला. राहीने पदर तोंडाला लावला. म्हातारा वाट बघत उभा होता.

"नाय बा," धर्मा म्हणाला. "मीच हाय."